सौदामिनीच्या अक्षता

"छापलंय तेच वाचनार! पदरचा एक शब्द घालनार न्हाई अन् छापलेला एक शब्द गाळनार न्हाई!"

शिवशंकररावांचा हा बाणा पिंपळटाका गावात सगळ्यांना पाठ होता. कारण दर आठवड्याला ते स्वतःच तो सगळ्यांना ऐकवायचे. बावीस वर्षं मारुतीच्या देवळातली श्रावणाची पोथी त्यांनीच वाचली. आवाज असा खणखणीत, की जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात त्यांनी कोथिंबिरीचा भाव विचारला तरी आजूबाजूची चार माणसं हात जोडायची. नियमही कडक. पोथी लागली की दाढी बंद, कांदा-लसूण बंद, गादी बंद, निजायला जमिनीवर घोंगडी. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे उद्याचा अध्याय आज उघडायचा नाही. आधी वाचून ठेवणं म्हणजे पंगत बसायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन जेवून येणं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

वाचक असा तयारीचा होता, पण श्रोते काही केल्या जमत नव्हते. गेल्या श्रावणात समाप्तीच्या आदल्या दिवशी शिवशंकररावांनी मान वर करून पाहिलं तर समोर तीनच जीव. एक गोजरबाई, दुसरे भिंतीला टेकून घोरणारे मोहनसिंग, आणि तिसरी एक शेळी. त्यातली शेळीच तेवढी एकटक बघत होती, तीसुद्धा पोथीवरच्या झेंडूच्या हाराकडे.

त्या दिवशी देवळाच्या समितीचा अध्यक्ष भारत आला. वय पस्तीस, बोलणं गोड, हातात कायम मोबाईल.

"काका, तुमाला बी आता तकलीफ होऊन राहिली. पुढल्या वर्सापासून स्पीकर लावू. पेन ड्राईव्हमधी सगळ्या पोथ्या मिळतात. बटन दाबलं की चालू! खोकला न्हाई, चहा न्हाई, घसा बसायची भानगड न्हाई."

"अन् श्रोते?" शिवशंकररावांनी विचारलं.

"आता तरी कुठं हायेत, काका?"

हे मात्र वर्मी लागलं! बावीस वर्षांच्या वाचकाची जागा एक बोटाएवढी काडी घेणार? शिवशंकरराव ताडकन उठले.

"आरं, लोक येत न्हाईत ते पुस्तकामुळं! वाचकामुळं न्हाई! असं एक पुस्तक आणतो की देऊळ भरून लोक पारावर बसतील. मग बोल!"

"देऊळ भरून दावा, काका. स्पीकरचं नाव काढनार न्हाई."

पैज लागली. घरी आल्यावर बायकोला, म्हणजे मिराबाईंना, त्यांनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. मिराबाई तूर निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "अवो, बाजाराची चिठ्ठी वाचून तुमी धड सामान आनत न्हाईत. पुस्तक कुठून निवडून आननार?"

पण शिवशंकररावांकडे हुकमाचं पान होतं. त्यांची पुतणी प्रियदर्शनी हिंगोलीला एका वाचनालयात नोकरीला होती. ते सकाळच्या एसटीने तिच्याकडे गेले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "इतिहास पायजे. खरा माल! किल्ले, तलवारी, सनावळ्या. लोकांचं रगत उसळलं पायजे."

तिने एक सहाशे चाळीस पानांचा ठोकळा त्यांच्या हातात ठेवला. 'सातव्या बुरुजावरची सौदामिनी'. मुखपृष्ठावर किल्ला, किल्ल्यावर चंद्र, चंद्राखाली एक देखणी बाई आणि बाईशेजारी एक पांढरा घोडा. घोड्याला पंख होते. शिवशंकररावांना वाटलं, झूल आहे.

"काका, वाचनालयात याला रांग असते," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि शेवट तर असा आहे, की तुम्ही कल्पनाच करू शकणार नाही!"

पोरगी अगदी खरं बोलली होती.

पौष महिना होता. सोयाबीन विकून झालं होतं, तुरी खळ्यावर आल्या होत्या आणि दुपारी चारचं ऊन अंगावर घ्यायला लोक तसेही देवळाच्या पायऱ्यांवर बसतच होते. शिवशंकररावांचा बेत साधा होता. खुर्ची टाकायची, पाय पसरायचे, आणि पोथीबिथी काही नाही, नुसतं करमणुकीचं वाचन करायचं. नियम नाहीत, उपास नाही. पहिल्या दिवशी अकरा माणसं जमली. त्यांनी जेमतेम दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात काठी टेकत गोजरबाई आल्या.

गोजरबाईंचं वय एकोणऐंशी. अक्षरओळख नाही, पण त्यांनी नारळ ठेवल्याशिवाय गावात पोथी लागत नव्हती आणि त्यांनी उचलल्याशिवाय संपत नव्हती. त्यांनी पाहिलं, शिवशंकर वाचतोय आणि समोर माणसं बसली आहेत.

"पोथी लावली अन् मला सांगितलं न्हाई? अन् खुर्चीवर बसून? पाय पसरून? लाज हाय का न्हाई, शिवशंकर!"

"काकू, ही तशी पोथी न्हाई..."

"तशी न्हाई म्हंजे कशी? अध्याय किती हायेत?"

"एक्केचाळीस."

"मग झालं तर!"

शिवशंकररावांचं उघडं तोंड मिटायच्या आत चौरंग आला, त्यावर लाल कापड आलं, कापडावर सौदामिनी विराजमान झाली. गोजरबाईंनी मुखपृष्ठावरच्या बाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, घोड्यालाही लावलं, पुढ्यात नारळ ठेवला, दिवा लावला आणि हात जोडून म्हणाल्या, "लागली पोथी! आता समाप्तीबिगर उठायचं न्हाई."

संपलं! लागलेली पोथी अर्धी सोडायची नसते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मागे एकाने सोडली होती, तर त्याच्या विहिरीवरची मोटर जळाली. ती तशी दर वर्षीच जळायची, पण त्या वर्षीची पोथीच्या नावावर लागली होती. शिवशंकररावांनी खुर्ची बाजूला सारली आणि निमूट मांडी घातली. वाचून झाल्यावर गोजरबाईंनी पुस्तक लाल कापडात बांधलं, देवळाच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते चोरून बघायचीही सोय उरली नाही.

आणि दिवस कुठले? हुरड्याचे! सगळं गाव शेतात आगटीभोवती बसून लसणाची चटणी लावून हुरडा हाणत होतं, आणि दाढी वाढलेले शिवशंकरराव एका बाजूला गुळाबरोबर तो चघळत होते. कशासाठी, तर सौदामिनीसाठी!

बरं, एवढं करून पुस्तक तरी चांगलं निघावं? पहिला अध्याय सतरा पानांचा. त्यातली चार पानं सौदामिनीच्या डोळ्यांवर, तीन भुवयांवर. तलवार कुठेच नाही. शिवशंकररावांनी स्वतःची समजूत घातली, की सुरुवात आहे, होईल लढाई. सहाव्या अध्यायात नायक, म्हणजे सरदार रणधवल, फौज घेऊन निघाला. पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार मोहनसिंग बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंत सोडून ताठ बसले.

शिवशंकररावांनी छाती भरून श्वास घेतला आणि वाचलं, "घनघोर युद्ध झाले. रणधवल जिंकला."

पुढची नऊ पानं रणधवल चांदण्यात बसून उसासे टाकत होता.

"फौज किती व्हती?" मोहनसिंगांनी विचारलं.

"लिहिलं न्हाई."

"तोफा?"

"लिहिलं न्हाई."

"मंग मेलं कोन?"

"आजून कोनी न्हाई. पन ह्यो असेच उसासे टाकत राहिला तर ह्योच मरंल."

नवव्या अध्यायात घोडा उडाला. शिवशंकरराव थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. घोडा उडालेलाच होता! मुखपृष्ठावरची झूल ही झूल नव्हती, हा उलगडा त्यांना भर सभेत झाला. ज्या माणसाने घरोघरी जाऊन "खरा इतिहास हाय, शंभर टक्के!" असं सांगितलं होतं, त्याच्याच तोंडून घोडा किल्ल्यावरून गेला. बाराव्या अध्यायात चारशे वर्षांपूर्वीच्या त्या किल्ल्यात सौदामिनीने एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पंधराव्यात भस्मकेतू नावाच्या जादूगाराने तिला शाप दिला, आणि ती दर अमावस्येला पोपट होऊ लागली. त्या दिवशी पुस्तक मिटताना शिवशंकररावांना ते विहिरीत फेकून द्यावंसं वाटलं. पण नारळ ठेवलेला होता!

त्यात प्रेमाचे प्रसंग. समोर सगळ्या काक्या, मावश्या, सुना बसलेल्या, आणि पानावर "रणधवलाने तिची हनुवटी अलगद उचलली." अशा ठिकाणी शिवशंकरराव मोंढ्यातल्या धान्याच्या हर्रासात बोली लावावी तसे भरधाव सुटायचे.

"दम धर! दम धर!" गोजरबाई काठी आपटायच्या. "त्यानं हनुवटी उचलली का खाली ठिवली? काई कळंना. पुन्हा वाच, सावकाश!"

कानशिलं लाल करून त्यांना पुन्हा वाचावं लागायचं.

आता गंमत अशी, की लोकांना हे सगळं भयंकर आवडत होतं! अकराचे चाळीस झाले, चाळीसचे दीडशे. देऊळ भरलं, पार भरला, शेजारच्या वाडीवरून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बाया येऊ लागल्या. कुणाच्या तरी म्हशीला पारडी झाली, तिचं नाव सौदामिनी ठेवलं. भारत तर रोज सगळ्यांत आधी यायचा आणि चौरंगासमोर मोबाईल उभा करून बसायचा. ह्याला देवळातसुद्धा मोबाईल सोडवत नाही, असं शिवशंकररावांना वाटायचं आणि कीव यायची.

"काय भारत? स्पीकर?" ते मिशीत हसून विचारायचे.

"नाव न्हाई काढत, काका! जिंकलात तुमी."

पैज जिंकली होती, पण मनातली गोष्ट कुणाला सांगता येत नव्हती. अख्ख्या गावात या पुस्तकाला कंटाळलेला एकच माणूस होता, आणि तोच ते वाचून दाखवत होता.

घरी तर वेगळाच ताप. चौतीस वर्षांच्या संसारात मिराबाई कधी पोथीला आल्या नव्हत्या, त्या आता रोज पहिल्या रांगेत बसत होत्या.

"बगा त्यो रणधवल!" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "ती पोपट झाली तरी तिच्यासाठी पेरू घेऊन बुरुजावर चढतो. तुमी चौतीस वर्सात एक तरी पेरू आनला का?"

"तू कधी पोपट झालीस?"

"झाले असते तर आनला असता?"

दुसऱ्या दिवशी शिवशंकररावांनी गुपचूप जवळा बाजारहून किलोभर पेरू आणून चुलीजवळ ठेवले. मिराबाईंनी पिशवी उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज अमावस्या न्हाई."

पण पेरू सगळे संपवले, हेही खरं.

असं करत करत माघ लागला आणि चाळिसावा अध्याय आला. भस्मकेतू मेला, शाप सुटला, आणि शेवटची ओळ होती, "उद्या प्रभाती सौदामिनी आणि रणधवल यांचा विवाह!"

देवळात टाळ्यांचा कडकडाट झाला. गोजरबाई उठून उभ्या राहिल्या. पोथीत लग्न आलं की ते गावाने लावायचं, ही तिथली रीतच. सप्ताहात रुक्मिणीचं लग्न लागतं तेव्हा गाव अक्षता टाकतं, मग सौदामिनीने काय पाप केलं?

"वरली गल्ली पोरीकडची, खालची गल्ली पोराकडची," गोजरबाईंनी जाहीर केलं. "उद्या समाप्ती अन् लगीन. गावजेवन! कुनाच्या घरी चूल पेटायची न्हाई."

गाव कामाला लागलं. खालच्या गल्लीचा मान नीट राखला नाही म्हणून संध्याकाळपर्यंत मोहनसिंग रुसूनही बसले. शिवशंकररावांना मात्र एकच गोष्ट दिसत होती. समाप्ती झाली की कांदा!

दुसऱ्या दिवशी देवळापुढे मांडव पडला. पुस्तकाला मुंडावळ्या बांधल्या होत्या. समोरच्या पाटावर रणधवल म्हणून फेटा घातलेला नारळ बसवला होता. मधे दोघांनी अंतरपाट धरला. एका कढईत बुंदी, दुसरीत वांग्याची भाजी, आणि परातभर चिरलेला कांदा. हिंगोलीहून मुद्दाम प्रियदर्शनी आली होती. मिराबाई हिरवं नऊवार नेसून बसल्या होत्या, आणि तीनशे माणसांच्या मुठीत अक्षता होत्या. अक्षता एकदा हातात घेतल्या की त्या टाकूनच हात मोकळा करायचा असतो.

शिवशंकररावांनी घसा साफ केला. अध्याय लहानच होता, जेमतेम एका पानाचा.

"सनई वाजू लागली. मंगलाष्टकांचे सूर उमटले. सौदामिनीने लाजून डोळे मिटले. आणि उघडले. तर समोर कंडक्टर..."

शब्द तोंडातून निसटला! छापलेलं वाचायची बावीस वर्षांची सवय.

"कोन?" गोजरबाईंनी कानाला हात लावला.

"कंडक्टर, काकू."

"लग्नात कंडक्टर काहून आला?"

"वऱ्हाडाची एसटी आली आसंल," मोहनसिंग म्हणाले. "आमच्याकडचीच मान्सं, उशिरा येऊन राहिली."

"मंग बराबर हाय. वाच म्होरं."

पण शिवशंकरराव पुढे वाचेनात. जे बावीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांच्या डोळ्यांनी केलं. ते पुढे धावले. खाली अर्धंच पान उरलं होतं. त्यात लिहिलं होतं, की सौदामिनी पुण्याच्या बसमध्ये झोपली होती. संगणकावर काम करणारी मुलगी, सुट्टी संपवून परत निघालेली. किल्ला, रणधवल, घोडा, पोपट, सगळं स्वप्न! कंडक्टर म्हणतो, "मॅडम, स्टॉप आला, उतरा." तेवढ्यात तिच्या आईचा फोन येतो, की त्या मुलाचा बायोडाटा पाहिलास का? आणि शेवटची ओळ, "सौदामिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, आई, मला लग्नच करायचं नाही. समाप्त."

शिवशंकररावांच्या डोक्यात जाळ झाला. सहाशे चाळीस पानं! एक्केचाळीस दिवस! लसूण मी सोडला, जमिनीवर मी झोपलो, आणि बसमध्ये गादीवर डुलकी कुणी काढली, तर हिने? असलं पुस्तक लिहिणाऱ्याला हुरड्याच्या दिवसांत गूळ खायला लावला पाहिजे! ते रागाने थरथरले. आणि थरथरता थरथरता त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. चांगलं पुस्तक बिघडलं तर माणूस चिडतो. हे तर पहिल्यापासूनच भिकार होतं, मग आपल्याला एवढं का लागावं? तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यालाही हे लग्न व्हायला हवं होतं! नावं ठेवत ठेवत आपणही रोज चार वाजायची वाट बघत होतो.

मांडवात चिडीचूप. कुणालाच कळेना की वाचक गप्प का झाला. एकाला वाटलं, मुहूर्ताची वेळ पाळतायत. तो उभा राहिला. त्याला बघून दुसरा उठला, आणि बघता बघता तीनशे माणसं मुठी वर करून उभी राहिली.

छापलेलं वाचावं, तर या सगळ्या मुठी तशाच राहणार, आणि उद्या देवळात परत तीन जीव आणि स्पीकर. न वाचावं, तर बावीस वर्षांचा बाणा आज मोडणार. समोर गोजरबाईंच्या बोटांच्या फटीतून तांदळाचे दोन दाणे खाली पडले.

"वाच की, लेकरा," त्या हळूच म्हणाल्या. "मूठ दुखून राहिली."

शिवशंकररावांनी पान उलटलं. मागे कोरं पान होतं. त्या कोऱ्या पानाकडे बघत त्यांनी आवाज चढवला.

"कंडक्टर ओरडला, उतरा खाली, वऱ्हाड आलं! तेवढ्यात आकाशातून पांढरा घोडा उतरला. घोड्यावरून रणधवल उतरला. त्याच्या एका हातात तलवार होती अन् दुसऱ्या हातात..." त्यांनी पहिल्या रांगेत एक नजर टाकली, "...पेरू होता. तो म्हणाला, सौदामिनी, आज अमावस्या न्हाई, तरी आनला. अन् अंतरपाट दूर झाला. शुभमंगल सावधान!"

अक्षतांचा असा पाऊस पडला की शिवशंकररावांच्या एक्केचाळीस दिवसांच्या दाढीत पसाभर तांदूळ अडकले! डफडं वाजू लागलं. वरच्या गल्लीतल्या बाया मुलगी सासरी चालली म्हणून खऱ्या खऱ्या रडायला लागल्या. मोहनसिंगांनी रुसवा सोडून बुंदीच्या कढईकडे कूच केलं. गोजरबाईंनी नारळ उचलला, पुस्तकावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. त्या गडबडीत गेल्या श्रावणातल्या शेळीने एकदाचा हार खाल्ला.

पंगतीत प्रियदर्शनी शेजारी येऊन बसली.

"काका, पुस्तकात तर बस..."

"बुंदी खाय."

"आणि आईचा फोन..."

"प्रियदर्शनी, बुंदी गार होऊन राहिली!"

ती खुदकन हसली. "पण काका, तुमचा शेवट बरा आहे. आमच्याकडे तो शेवट वाचून लोक पुस्तक टेबलावर आपटून जातात."

तेवढ्यात मिराबाई वाढायला आल्या. त्यांनी शिवशंकररावांच्या पानात मूठभर कांदा टाकला आणि तशाच वाकून विचारलं, "पेरू छापलेला व्हता?"

"व्हय."

"पान दावा."

शिवशंकररावांनी घाईघाईने कांद्याचा मोठा घास तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यामुळेच, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

आता इथे गोष्ट संपली असती तर शिवशंकररावांचं भलं झालं असतं. पण पुढच्या पौषात लोकांनी भारतला गाठलं. पुन्हा सौदामिनी पाहिजे! शिवशंकरराव मनातून फुलले, वरवर मात्र "बघू, घसा बसलाय," असं म्हणाले.

"काका, तुमी काहून तकलीफ घेता?" भारत हात जोडून म्हणाला. "तुमी जिंकलात, म्हनून तर मी रोज मोबाईल म्होरं लावून तुमची अख्खी पोथी भरून घेतली. एक्केचाळीस अध्याय, खोकल्यासकट! बाहेरचा कोन्ता बी आवाज न्हाई. तुमचाच हाय. तुमी फकस्त या अन् आरामात ऐका!"

यावर भांडायचं तरी कुणाशी? आपली जागा घेणारा आवाज आपलाच निघाल्यावर माणूस तक्रार कुठे नेणार!

आता दर पौषात चार वाजता चौरंगावर लाल कापड अंथरतात, त्यावर स्पीकर ठेवतात, गोजरबाई स्पीकरला हळद-कुंकू लावतात, आणि देऊळ पारापर्यंत भरतं. शेवटच्या दिवशी ध्वनिमुद्रणात ती लांबलचक शांतता येते. ती शांतता हीच आता रीत झाली आहे. ती आली की सगळे मुठी वर करून उभे राहतात, मग कंडक्टर ओरडतो, मग घोडा उतरतो, आणि पेरू आला की मिराबाई पदर तोंडाला लावतात.

शिवशंकरराव तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसतात. कांदा-लसूण त्यांनी आपणहून सोडला आहे. रणधवलाच्या उसाशांची नऊ पानं चालू असताना परवा त्यांचा डोळा लागला, तशी गोजरबाईंची काठी बरगडीत बसली. स्पीकरमधला माणूस पुण्याचा आहे, असं गोजरबाईंचं पक्कं मत.

"शिवशंकर! डुलक्या काहून देऊन राहिलास? ऐक जरा. किती जीव लावून वाचतो त्यो मानूस! तुला जमलं असतं का असं?"

"न्हाई, काकू," शिवशंकरराव म्हणाले, आणि मांडी सावरून ऐकू लागले.